फोनच्या कानावर जाऊ नये म्हणून

"जरा मीठ दे गं," माईकवाले म्हणाले.

बाईंनी मान डोलावली, "हं" म्हणाल्या आणि जेवत राहिल्या.

"अगं, मीठ."

"हं."

माईकवाले उठले, टेबलाला वळसा घालून बाईंच्या कोपराजवळचं मिठाचं भांडं घेऊन आले आणि खाली मान घालून जेवू लागले. आठवडाभर हेच चाललं होतं. काल पाणी मागितलं होतं, परवा पंखा बंद करायला सांगितला होता. दरवेळी हसरं "हं" मिळालं होतं, पाणी मात्र मिळालं नव्हतं.

बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणं हे त्यांचं काम. एवढी वर्षं केलेलं, की इमारतीतली पोरंसोरंसुद्धा त्यांना माईकवालेच म्हणत. त्यांनी घोषणा केली की बाकावर झोपलेले प्रवासी खडबडून उठत आणि चुकीच्या गाडीत बसलेले गुपचूप उतरून योग्य गाडीत जाऊन बसत. असा आवाज टेबलाच्या पलीकडे पोचेना, ही गोष्ट साधी नव्हती.

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं की दोष ऐकणाऱ्याचा असेल. माईकवाल्यांच्या ते स्वप्नातही आलं नाही, कारण त्यांचा संसार त्या कानांच्या धाकात गेला होता. बाई घरी गाण्याचे क्लास घ्यायच्या. स्वयंपाकघरात कांदा चिरताना बाहेरच्या खोलीत कुठल्या मुलीचा सूर केसभर घसरला, हे त्या जागेवरून सांगायच्या. जिन्यातल्या पावलांवरून माणूस ओळखायच्या. माईकवाले कधीमधी थाप मारू लागले, तर पहिल्या शब्दालाच हात वर करून थांबवायच्या. असे कान बिघडतील हे शक्यच नव्हतं. मग बिघडायला उरलं काय, तर आवाज.

स्थानकात ऐकू जातं ते यंत्रामुळे, असं माईकवाल्यांच्या मनाने घेतलं. आपण नुसते ओठ हलवतो, बाकी सगळं तारा करतात. हे कळलं तर साहेब माईक काढून घेणार, आणि माईकवाल्यातून माईक वजा केल्यावर खाली काय राहतं ते त्यांना स्वतःलाच सांगता आलं नसतं. बाईंना तर कळताच कामा नये. गाण्याच्या बाईंचा नवरा बिनआवाजाचा, म्हणजे बाईंची काय शोभा राहिली?

त्यांनी बाथरूमची कडी लावली, नळ सोडला आणि फोनवर हळूच लिहिलं, 'आवाज बारीक झाला तर काय करावं.' फोनने थोडंफार सांगितलं. पण तेवढ्यावर गप्प बसेल तर तो फोन कसला. संध्याकाळपासून त्यांच्या फोनवर घशाच्या गोळ्या, गुळण्यांची पावडर आणि मधाची सिरपं यांची रांग लागली. बातमी वाचायला जावं तर मध्येच एक टाय लावलेला माणूस विचारायचा, 'तुम्ही बोलता, पण कुणाला ऐकू जात नाही?'

इतपत ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी चहा पिताना बाईंचा फोन टेबलावर उजळला आणि त्यावर तोच टायवाला उभा राहिला. बाईंनी चष्मा लावला, वाचलं, आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी फोन पालथा घातला. मग माईकवाल्यांकडे न बघता उठल्या आणि बाथरूममध्ये जाऊन खळखळ गुळण्या करू लागल्या.

'म्हणजे हिला कळलं,' माईकवाल्यांनी ओळखलं. 'तोंडावर बोलत नाही बिचारी. करून दाखवते, की निदान गुळण्या तरी करा.'

स्थानकावर फोनच्या भानगडींतलं ज्ञान एकट्या चौकशीवाल्याला होतं. तो चौकशीच्या खिडकीत बसायचा आणि गाड्या सोडून इतर सर्व विषयांवर माहिती द्यायचा. दुपारी खिडकीत गर्दी नाही असं बघून माईकवाले आत शिरले.

"माझ्या एका ओळखीच्या माणसाने फोनवर एक खाजगी गोष्ट विचारली," ते म्हणाले. "तर त्याच्या बायकोच्या फोनवर जाहिराती."

"तुमच्याच का?"

"ओळखीच्या माणसाच्या."

"बरं. घरात वायफाय एकच असेल ना त्या माणसाच्या? मग झालं. एका घरातले फोन म्हणजे चोंबड्या जावा. एकीला कळलं की दुसरीला कळलंच. आणि नुसतं लिहिलेलंच नाही हं, ते बोललेलंही ऐकतात असं म्हणतात."

"मग ओळखीच्या माणसाने करावं काय?"

"फोनसमोर तोंड उघडायचं नाही. आणि त्याला चकवायचं. रोज काहीतरी भलतंसलतं विचारायचं. इतकं, की त्याला प्रश्न पडला पाहिजे, हा गृहस्थ आहे तरी कोण."

माईकवाल्यांनी हे अगदी मनावर घेतलं. फोनच्या तोंडावर चिकटपट्टी लावली. घरी आलं की फोन पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवून झाकण गच्च बसवायचं, अशी शिस्त सुरू केली. डब्यात फोन कितीही ठणाणा वाजला तरी शेजारी उभ्या असलेल्या बाई ढिम्म हलायच्या नाहीत. डबा चांगला जाड पत्र्याचा निघाला, याचं माईकवाल्यांना समाधान वाटलं. डब्यात टाकण्याआधी मात्र ते बाथरूममध्ये बसून फोनला चकवायचे. तंबू कुठे मिळतो. उंट पाळायला जागा किती लागते. वापरलेली मोटरबोट घ्यावी का. एकट्याने राहण्यासाठी बेट मिळेल का, हेही त्यांनी विचारलं. ते आपलं ओघात आलं.

फळ लगेच मिळालं. टायवाला गेला. तंबू आले, होड्या आल्या, आणि पाठोपाठ भलतंच काहीतरी येऊ लागलं, ऐकण्याची यंत्रं. कानामागे लावायची, कानात बसणारी, केसांत लपणारी. 'जवळच्या माणसाचं बोलणं निसटतंय? संकोच सोडा.' माईकवाले बाथरूममध्ये एकटेच हसले. कानांबद्दल त्यांनी फोनला चकार शब्द विचारला नव्हता. याचा अर्थ फोन पार चक्रावला होता, आणि हाती लागेल ते पुढे करत होता.

"अहो," त्या रात्री जेवताना बाईंनी विचारलं, "तुम्हाला होडी घ्यायचीय का?"

डब्याचं झाकण अजून लागायचं होतं. माईकवाल्यांनी फोनकडे बोट दाखवलं, ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

"आणि ते बेट? एकट्याने राहायचं?"

त्यांनी पुन्हा जोरात मान हलवली. बाई बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग बारीक आवाजात "हं" म्हणाल्या.

गप्प राहण्यात दुहेरी फायदा आहे हे तेव्हा माईकवाल्यांच्या लक्षात आलं. फोनला काही मिळत नाही आणि गळ्यालाही आराम. त्यांनी घरात बोलणं आवरतं घेतलं. आधी ते कुजबुजत, पुढे नुसते ओठ हलवत आणि शेवटी हातवाऱ्यांवर आले. बाई डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत. घाबरल्यासारख्या दिसत. एका संध्याकाळी क्लासच्या मुली आल्या, तर बाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "सध्या सुट्टी आहे," एवढंच सांगितलं आणि पेटीवर कापड टाकून आत येऊन पडल्या.

ते कापड बघून माईकवाल्यांना भरून आलं. त्यांनी सरळ हिशोब मांडला: नवऱ्याचा गळा बसलेला असताना घरात गाणं नको, म्हणून हिने क्लास बंद केला. आपल्यापायी हिचं गाणं बुडतंय आणि आपण मात्र माईकला चिकटून बसलोय. अशाने चालायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, माझा आवाज गेला," ते म्हणाले.

बाहेर तिकिटांच्या रांगेतली माणसं मागे वळली. साहेबांनी हातातला चहाचा कप सांभाळून खाली ठेवला.

"कुठे गेला?"

"गेलाय साहेब. घरात कुणाला ऐकू जात नाही. मला माईकवरून काढा."

साहेबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "आपोआप घोषणा करणारं यंत्र तर आलेलंच आहे. खोक्यात पडून आहे. तुम्ही होता म्हणून उघडलं नाही. सोमवारी लावू मग. तुम्ही हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसा, तिथे बोलायला लागत नाही. शनिवारपर्यंत मन बदललं तर सांगा."

ती खोली माईकवाल्यांनी जाता जाता पाहून घेतली. छत्र्या होत्या, एकेकटे हातमोजे होते, आणि एक खुर्ची होती. साहेबांनी निदान थोडं तरी "अहो, असं कसं" करायला हवं होतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

शनिवारी ते दुपारीच घरी आले. जिन्यातच त्यांना बाईंच्या फोनची घंटा ऐकू आली. दार उघडलं तर फोन टेबलावर कर्कश वाजत होता, थरथरत कडेकडे सरकत होता, आणि त्याच्या हातभर अंतरावर बाई त्यांच्याकडे पाठ करून, एकेक पट्टी हलक्या हाताने पुसत, पेटीपाशी बसल्या होत्या. घंटा थांबली. पुन्हा सुरू झाली. बाईंचा हात एका लयीत चालू होता.

माईकवाले दारातच उभे राहिले. मग पुढे होऊन त्यांनी फोन उचलला.

"बाई आहेत का?" पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली. "त्यांनी ऐकण्याच्या चाचणीची वेळ मागितली होती. घरी कुणाला कळवू नका म्हणाल्या होत्या. आपण कोण?"

"कुणी नाही," माईकवाले म्हणाले आणि फोन ठेवला.

मीठ, पाणी, पंखा, पिठाचा डबा, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून सरकलं. त्यांनी पुढे होऊन बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. बाई दचकल्या, वळल्या, आणि नवऱ्याच्या हातात आपला फोन बघून जागच्या जागी पांढऱ्या पडल्या. माईकवाले बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनीच ओठांवर बोट ठेवलं. फोनकडे दाखवलं. म्हणजे हा धडा त्यांनीही केव्हाच गिरवला होता.

दोन्ही फोन डब्यात गेले. झाकण लागलं. तरी बाईंचं समाधान होईना, तेव्हा दोघं जिना चढून गच्चीवर आली आणि माईकवाल्यांनी दाराला बाहेरून कडी घातली. जगात चिटपाखरूही ऐकायला नाही, याची त्यांनी चारी बाजूंना बघून खात्री करून घेतली. पाण्याच्या टाकीमागेही बघून आले.

"मला कळलं," ते कुजबुजले.

बाई त्यांच्या ओठांकडे बघत राहिल्या.

"कळलं मला," ते जरा मोठ्याने म्हणाले.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, काय म्हणताय ते ऐकू येत नाही हो. तुमचं तर बोलणंच ऐकू येईनासं झालं. नुसते ओठ हलताना दिसतात. मला वाटलं, आता सगळंच गेलं. त्यात माझा गळाही गेला असं तो फोन सांगायला लागला. कान गेले, गळा गेला, मुलींना शिकवू कशाने? आणि तुम्ही बेटावर निघालात."

मग मात्र माईकवाल्यांनी छाती भरून श्वास घेतला. दोन्ही पाय फाकून उभे राहिले आणि स्थानकातल्या शेवटच्या फलाटावरच्या प्रवाशासाठी राखून ठेवलेला आवाज त्यांनी गच्चीवर काढला.

"तुला कमी ऐकू येतं! तुझा गळा ठीक आहे! त्या जाहिराती माझ्या गळ्याच्या होत्या! तुला ऐकू जाईना, म्हणून मला वाटलं माझाच आवाज गेला! मी कुठेही जात नाही!"

पलीकडच्या इमारतीच्या कठड्यावरून पाखरांचा एक थवा उडाला. बाईंना अक्षर न् अक्षर ऐकू आलं. त्या रडता रडता हसू लागल्या.

"तुमच्या आवाजाला काय धाड भरलीय? एकदा मला विचारायचं तरी होतंत."

"तू मला सांगितलंस?"

"तुम्हाला कसं सांगू? गाण्याची बाई बहिरी, असं झालं तर मुली कोण पाठवणार? अख्ख्या गावात होईल."

"कुणालाही कळणार नाही!" माईकवाल्यांनी जाहीर केलं. "तू कानाला यंत्र लाव! केसांत लपणारं मिळतं! हे फक्त आपल्या दोघांत राहील!"

"आणि माईक सोडलात का काय? चौकशीवाल्याची बायको काहीतरी सांगत होती, मला नीट कळलं नाही."

"अजून नाही सोडला! आज शनिवार आहे! आत्ता जाऊन साहेबांना सांगतो, खोकं उघडू नका!"

बाईंनी डोळे पुसायला पदर तोंडावर घेतला. तेवढ्यात माईकवाल्यांचं लक्ष समोर गेलं. समोरच्या इमारतीच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून एक जण आला होता. तिसऱ्या मजल्यावरची बाई ओले कपडे खांद्यावर टाकून कठड्याला टेकली होती. तिच्या दोन्ही मुली बाईंच्या क्लासला यायच्या.

"आमच्याकडून बाहेर जाणार नाही हो," ती समोरून म्हणाली. "सगळ्यांना सांगून ठेवते. फक्त क्लास कधी सुरू होणार तेवढं विचारा. दोघी घरात बसून डोकं खातात."

साबणवाल्याने आणि बाकीच्यांनीही माना हलवल्या. खाली डब्यात दोन्ही फोन निमूट पडून होते. त्यांना यातला एक शब्दही कळला नव्हता.

माईकवाल्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंची समोरच्या इमारतीकडे पाठ होती आणि त्या शांतपणे नाक पुसत होत्या.

"क्लास कधी सुरू करतेस?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"सोमवारी करीन म्हणते. का हो?"

"सहज."

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने बरं म्हणून हात केला आणि कपडे वाळत घालायला लागली.

"पण खरंच कुणाला कळलं नाही ना?" बाईंनी विचारलं.

"छे," माईकवाले म्हणाले. "कुणाला कळतंय."