राउंडसाहेबांची कव

माझे यजमान २०१८च्या नोव्हेंबरमध्ये गेले. सकाळी चहा घेतला, परसातल्या सागाचा घेर घ्यायला बाहेर पडले आणि परत आले नाहीत. मी गॅस बंद करून बघायला गेले. ते सागाच्या बुंध्याशी बसले होते.

घेर घेणं म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. सांगितल्यावरही वाटेलच, पण निदान कारण कळेल.

ते वनखात्यात वनपाल होते. वनपालाला आमच्याकडे राउंड ऑफिसर म्हणतात, त्यामुळे सायवनपासून तलासरीपर्यंत ते राउंडसाहेब. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर टेपने मोजायचा, हा खात्याचा नियम. राउंडसाहेबांचा टेपवर विश्वास नव्हता. "टेप ताणते. माणूस किती ताणणार?" असं म्हणून ते सरळ झाडाला कव घालत. गाल खोडाला टेकवायचा, डोळे मिटायचे आणि पलीकडे बोटं कुठे भेटतात ते चाचपायचं. त्यांची कव एकशे सत्तर सेंटिमीटर होती. बोटं एकमेकांवर चढली तर तेवढं वजा, अंतर राहिलं तर तेवढं मिळवायचं. मग डोळे उघडून आकडा सांगायचा. शंका घेणाऱ्याने टेप लावून बघावं. फरक एखाद्या बोटाचा निघे, आणि तो टेपचा असे.

त्यांच्या हाताखाली नवशा नावाचा वनमजूर होता. तो म्हणायचा, "साहेब, सोडा आता. झाड काय सासरी चाललंय का?"

फळझाडाला ते झाड मानत नसत. माझं माहेर बोर्डीचं, चिकूची वाडी. लग्नानंतर माझ्या वडिलांनी हौसेने जावयाला वाडी दाखवली. सगळी फिरून झाल्यावर राउंडसाहेबांनी विचारलं, "छान. आणि झाडं कुठे आहेत?" बाबा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

मी डहाणूच्या शाळेत इतिहास शिकवत असे. बत्तीस वर्षं फळ्यावर गड काढले, तट काढले, बुरूज काढले. प्रत्यक्षात एकाही गडाच्या माथ्यावर गेले नव्हते. नवीन लग्न झालेलं असताना हे मला गंभीरगड दाखवायला घेऊन गेले होते. सायवनच्या पुढे चढ सुरू झाला आणि सागही सुरू झाले. अर्ध्या वाटेवर ऊन कलायला लागलं तेव्हा यांचे एकसष्ट साग झाले होते. "गड कुठे पळतोय?" म्हणाले. आम्ही खाली उतरलो. त्यानंतर दरवर्षी मी एकदा विचारायची, "गडावर कधी जायचं?" आणि दरवर्षी गड कुठेही पळत नसायचा.

२०१६ साली माझं पोटाचं ऑपरेशन झालं. पुढे सहा महिने मुंबईला उपचार. जेवण जाईना. ब्लाउज सगळे आत घ्यावे लागले, मग पुन्हा आत घ्यावे लागले. तपासण्या चांगल्या आल्या, पण अंगावर मांस काही धरेना. राउंडसाहेब याबद्दल एक अक्षर बोलत नसत. शेजारीण म्हणाली, "वहिनी, किती वाळलात!" तर तिला म्हणाले, "पानगळ आहे." आणि पेपर वाचू लागले. मला त्याचा राग आला होता. चौकशी नाही, काळजी नाही, माणसाला पानगळ म्हणतात!

आमची मुलगी अनू जर्मनीत असते. तिथे नैर्ऋत्येला फाल्ट्झ नावाचा जंगलाचा मुलूख आहे, त्याला लागून तिचं गाव. २०१७च्या उन्हाळ्यात तिने आम्हाला सहा आठवडे बोलावून घेतलं. "आई, इथे टेकडीटेकडीवर पडके किल्ले आहेत. तांबड्या दगडाचे. तुला माथ्यावर नेते." मला रात्रभर झोप आली नाही. यांनी एकच विचारलं, "जंगल कसलं?"

"बीच आणि ओक, बाबा."

"मग येतो."

पहिल्याच रविवारी तिथल्या एका पाऊलवाटेवर यांनी बीचला कव घातली. गुळगुळीत, करड्या सालीचं झाड. गाल टेकवला, डोळे मिटले. तेवढ्यात समोरून काठ्या टेकत एक म्हातारं जर्मन जोडपं आलं आणि थबकलं. भारतातला माणूस, पांढरे केस, मिटलेले डोळे, मिठीत झाड. त्यांचा काय समज झाला तो झाला. दोघांनी काठ्या खाली ठेवल्या, एकेक झाड निवडलं आणि आदराने मिठी मारली.

राउंडसाहेबांनी डोळे उघडले. "अनू, त्या आजोबांना सांग, उंची चुकली. छातीच्या उंचीवर धरायचं. ते पोटाशी धरून उभे आहेत."

अनूने मान खाली घालून भाषांतर केलं. आजोबांनी लगेच हात वर घेतले. बराच वेळ तसेच राहिले. मग डोळे पुसत काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतात?"

"म्हणतात की आतून काहीतरी जाणवलं."

"जाणवणारच," हे म्हणाले. "दोनशे दहा आहे."

किल्ल्यांशी त्यांचं जमलं नाही. एका किल्ल्यात जिने, पाण्याचं टाकं, पहारेकऱ्याची खोली, सगळं एकाच खडकातून कोरून काढलेलं होतं. मी भिंतीवरून हात फिरवत उभी होते. इतकी वर्षं फळ्यावर काढलेली गोष्ट हाताला लागत होती. मागून आवाज आला, "तुळया कुठे आहेत?"

"अहो, आठशे वर्षं झाली. जळल्या असतील, कुजल्या असतील."

"म्हणजे लाकडाने राज्य केलं आणि कौतुक दगडाचं."

बुरुजावर मात्र मी चढू शकले नाही. दहा-बारा पायऱ्यांत पोटऱ्या थरथरायला लागायच्या. असे चार किल्ले आणि दोन लाकडी मनोरे मी खालून पाहिले. अनू वर जाऊन फोटो काढायची आणि खाली येऊन दाखवायची. हे माझ्याजवळ थांबायचे. "वर काय असतं? झाडाचे शेंडे. माणूस कधी टकलावरून ओळखतात का?"

आणखी एक गोष्ट त्यांनी तिथे सुरू केली होती. पायऱ्यांशी पोचलो की ते मागून येऊन मला दोन्ही हातांनी धरत. "पडशील," म्हणत. मी सपाट जमिनीवर उभी असे. क्षणभर धरून सोडून देत आणि दुसरीकडे बघत. आपल्याकडे पस्तीस वर्षांत चारचौघांत यांनी माझा हातसुद्धा धरला नव्हता. मला वाटलं, परदेशचं वारं लागलं.

जेवण मात्र तिथे जायला लागलं. जंगलात वाटसरूंसाठी लाकडी खानावळी असतात. तिथलं बटाट्याचं सूप मला आवडलं. हे मोठ्या वाटीकडे बोट दाखवत. मी संपवेपर्यंत माझ्या ताटात बघत बसत. "तुम्ही खा ना," म्हटलं की, "मी खातोय," म्हणत आणि खात नसत.

निघायच्या आधीच्या रविवारी अनूने शेवटचा किल्ला काढला. वर बुरूज, बुरुजावर लाकडी सज्जा. मी पायऱ्या मोजत चढले. वीस झाल्या, चाळीस झाल्या. दोनदा बसले. हे एक पायरी मागे. "सोड, उतरू," असं ते म्हणतील याची मी वाट बघत होते. गंभीरगडाला म्हणालेच होते. पण ते मागून चढत राहिले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, बुरुजाच्या पायथ्याशी एक प्रचंड ओक होता आणि ते त्याच्यासाठीही थांबले नव्हते.

सत्त्याण्णवाव्या पायरीनंतर सज्जा आला.

चहूकडे जंगल. टेकडीमागे टेकडी, आणि दर तिसऱ्या टेकडीवर एक तांबडा बुरूज. मी त्यांना हाक मारली. "अहो, या. एकदा तरी बघा."

ते आले. कठड्याकडे पाठ करून माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी मला कव घातली. सज्ज्यावर सात-आठ माणसं होती. अनू होती.

"अहो! लोक बघतायत."

"गप. आकडा चुकेल."

त्यांचा गाल माझ्या केसांना टेकला होता. डोळे मिटलेले असणार, हे मला न बघता कळलं. माझ्या पाठीवर त्यांची बोटं हळूहळू चाचपत होती.

"तीन बोटं," ते म्हणाले.

"काय तीन बोटं?"

"मुंबईहून तुला आणली तेव्हा माझी बोटं कोपरांना लागत होती. इथे आलो तेव्हाही लागत होती. आता तीन बोटं अलीकडेच थांबतात. भरतेयस."

पायऱ्यांशी ते 'पडशील' कशासाठी म्हणत, ते तेव्हा मला समजलं. मुंबईहून परत आलो त्या दिवशी टॅक्सीतून उतरवताना त्यांनी मला असंच धरलं होतं, तेही आठवलं.

मग त्यांनी मला सोडलं, वळले आणि पहिल्यांदा समोर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"जंगल ठीक राखलंय," म्हणाले.

डहाणूला परतल्यावर ब्लाउजांच्या शिवणी उसवाव्या लागल्या. २०१८च्या नोव्हेंबरात गंभीरगडावर जायचं ठरलं होतं, दिवाळी झाली की. ते राहिलं.

परसातला साग आमच्या लग्नाच्या वर्षी लावलेला. त्याचा घेर ते दरवर्षी नोव्हेंबरात घेत आणि वहीत लिहीत. वहीत त्या वर्षाची ओळ कोरी आहे. यंदा नोव्हेंबरात नवशा भेटायला आला होता. तोही आता थकलाय. आम्ही दोघं परसात गेलो. मी छातीच्या उंचीवर गाल टेकवला, डोळे मिटले आणि हात पसरले.

नवशा म्हणाला, "बाई, मी धरू का पलीकडून?"

मी नको म्हटलं.

माझे हात पुरत नाहीत. एक वीत उरते.