काटा साठावर

लालासाहेबांच्या मोटारीचा काटा साठ मैलांवर होता आणि तरीही उसाने गच्च भरलेला एक ट्रक भोंगा वाजवत त्यांच्या पुढे निघून गेला. ट्रकच्या मागच्या साखळीला धरून एक सायकलवाला चालला होता. तोही पुढे गेला. जाता जाता त्याने मोटारीत डोकावून बघितले, हे लालासाहेबांना जास्त लागले.

"लोकांना माज आलाय," ते म्हणाले. "सायकली सत्तरनं हाकाय लागल्यात!"

"आवं, आपलीच जरा दमानं चाललीया का बघा की," शेजारी बसलेल्या मनुबाई म्हणाल्या.

"काटा बघ. साठ! फौजेत जलम काढला मी. काटा कवा खोटं बोलत न्हाई."

ही जुनी मोटार त्यांनी दसऱ्याच्या जरा आधी कोरेगावात घेतली. तेव्हा काटा तिशी गाठतानाच धापा टाकायचा. खंडेनवमीला लालासाहेबांनी बंदुकीबरोबर मोटारीचीही पूजा केली, आणि बंदुकीला घालतात तसे मोटारीलाही तेल घातले. स्क्रू म्हणू नका, तार म्हणू नका, जिथे भोक दिसले तिथे तेल! दुसऱ्या दिवशी काटा साठावर. देवी पावली म्हणून मनुबाईंनी नारळ फोडला. आता देवीनेच वेग दिल्यावर शंका घेणार कोण?

त्याच जोरावर त्यांनी सांगलीच्या आप्पासोंना निरोप धाडला होता, 'पावणेदहाला निघतो, अकराला दारात.' आप्पासोंचा मुलगा मानसिंग फौजेत गाड्या दुरुस्त करायचा. त्याची रजा संपली होती आणि संध्याकाळी मिरजेहून त्याची आगगाडी होती. कोरेगावला येऊन मुलगी बघणे जमेना, म्हणून मुलीलाच सांगलीला न्यायचे ठरले. ती मुलगी, म्हणजे लालासाहेबांची अंजना, नवी साडी सांभाळत मागे बसली होती. आज भेट हुकली तर मानसिंग पुढच्या वर्षी येणार, आणि त्याचा फोटो तर तिला फार आवडला होता.

अकरा वाजले तरी सांगलीचा पत्ता नव्हता.

"दगडच लांब लांब रोवल्यात," लालासाहेब म्हणाले. "सरकारनं मैलाचं काढून किलोमीटरचं बसवलं, तवाच काय तरी घोळ झाला असंल."

पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. आप्पासो दारातच उभे होते.

"अकराला येणार हुता न्हवं?"

"साठानं आलो, पाव्हणं! पावणेदहाला निघालो, कुठं थांबलो न्हाई."

आप्पासोंनी बोटांवर हिशेब केला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "साठानं निघालेला माणूस अकराला पोचतो. मग तासभर कुठं जिरवला? वाटंत दुसरं स्थळ बघून आला का काय?"

"अंबाबाईची शपथ!" मनुबाई कळवळल्या. "पाणी प्यायलाबी उतरलो न्हाई!"

"मग काटा खोटा, न्हाई तर तुमी खोटं."

"काटा खोटा न्हाई!" लालासाहेब गरजले. झाले! स्वतःच्या तोंडाने त्यांनी स्वतःलाच खोटे पाडले. अंजनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आले.

मानसिंगचे मात्र या भांडणाकडे लक्षच नव्हते. तो मोटारीच्या खिडकीत डोके घालून उभा होता. "मामा, गाडी बंद हाय. काटा वीसवर कसा?"

"दमला असंल. उतरंल हळूहळू."

"जरा चालवा बरं. मी शेजारनं चालतो."

गल्लीतून मोटार हळूहळू निघाली. शेजारून मानसिंग. त्याने काट्याकडे बघितले. "मामा, मी चालतोय अन् काटा पंचवीस दाखवतोय!"

"फौजेतला गडी हायेस. चालशील की पंचवीसनं!"

मानसिंगने इस्त्रीचा सदरा काढून ठेवला आणि तो बनियनवर आत शिरला. काढलेला एकेक स्क्रू तो न बघताच मागे धरायचा आणि कुणीतरी तो घ्यायचे. मीटर बाहेर आले, तसे आतून तेल ओघळले.

"ही चाकाकडनं फिरत येणारी तार. हिला तुमी लय तेल पाजलंय, मामा. ते चढत चढत मीटरात गेलं अन् काटा चिकटला. दुप्पट दाखवतोय. तुमी तिसानं आलायसा."

आप्पासोंनी पुन्हा बोटे मोजली. "तिसानं... व्हय की! मग बाराच वाजायचं." त्यांच्या आठ्या गेल्या. "माणसं खरी हायती म्हणायची. चला, पोहं गार झालं."

मीटर पुसून झाल्यावर मानसिंगने हात मागे केला. हातावर स्क्रू आला. मग दुसरा. लांब हवा तिथे लांब, आखूड हवा तिथे आखूड. शेवटचा बसवून त्याने वळून बघितले. अंजना पदर पसरून उभी होती.

पोहे खाताना आप्पासोंना आठवले. "आरं, पोरगी बघायची ऱ्हायली की! विचार काय विचारायचं ते."

"काय न्हाई विचारायचं. पसंत हाय."

"बघितलीस कवा?"

"दादा, दिलेलं सगळं स्क्रू परत आलं. आमच्या वर्कशॉपात आजवर असं झालं न्हाई."

मनुबाईंनी अंजनाला कोपराने ढोसले. "अन् तुझं काय गं?"

अंजनाने तेलकट पदर मुठीत धरला. "लगीन होऊ दे, मग हे डाग त्यांस्नीच काढाय लावते," ती म्हणाली आणि आत पळाली.

परतीच्या वाटेवर मायलेकी लग्नाच्या साड्यांवर बोलत होत्या. लालासाहेब सारखे काट्याकडे बघत होते. काटा तिसावर थरथरत होता.

"आवं, एवढी सोन्यासारखी सोयरीक जमली," मनुबाई म्हणाल्या, "तोंड का पाडून बसलायसा?"

"पोरगा लाखात एक हाय, त्यात वाद न्हाई," लालासाहेबांनी सुस्कारा सोडला. "पर गाडीची पार वाट लावली बघ त्यानं. सकाळी साठानं पळत हुती!"