पहिली बोहनी घरची

पुंडलिककाका गभणे घरात एकटे राहतात. तरीही रोज सकाळी साडेआठला आमच्या मधल्या भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येतो, "दोन-चारच्या दाखव. हिरव्या." मग कुणाचं तरी ऐकून घेत असल्यासारखे ते थांबतात. थोड्या वेळाने कडी वाजते आणि काका पिशवी घेऊन बाजारात निघतात.

काका तुमसरच्या एका राइस मिलमध्ये टाइमकीपर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी बाजाराची वेळ सांभाळायला घेतली. आमच्या गल्लीपासून धान्य बाजारापर्यंतच्या लहान दुकानांत दिवसाची पहिली खरेदी, म्हणजे बोहनी, तेच करतात. एका ठिकाणी उदबत्ती, दुसरीकडे चार खिळे, सुखदेवच्या दोरांच्या दुकानात नाडा. रोज नाडा कशाला लागतो, असं मी एकदा विचारलं. "मले नाही लागत," ते म्हणाले, "त्याले लागते." चहा कुणाकडेच घेत नाहीत. "मी गिऱ्हाईक हाय, पाव्हणा नाही." बायपासवरच्या मोठ्या दुकानाचं नाव निघालं की घड्याळ बघतात आणि चालू लागतात.

बाजारात त्यांच्याबद्दल आदर आहे; त्याहून जास्त धास्ती आहे. काका ज्या दुकानाची पायरी सोडतात, त्याचं शटर कायमचं खाली येतं, असं दुकानदार मानतात. अशी चार दुकानं ते दाखवतात. वास्तविक त्या चौघांनी दुकान बंद करायचं ठरवल्यावर आधी काकांनाच सांगितलं होतं. हे लक्षात आणून दिलं तर सांगणाऱ्याकडेच संशयाने बघतात.

गेल्या महिन्यात एका सकाळी भिंत गप्प राहिली. दहाच्या सुमारास सुखदेव माझ्या दारात आला. काकांची बोहनी झाली नाही म्हणून त्याने दोर घ्यायला आलेले तीन शेतकरी परत पाठवले होते. तिघेही बायपासकडे गेले.

"काकानं मले सोडलं का जी?" त्याने हळू आवाजात विचारलं. काकांच्या घरात यायला तो तयार नव्हता. "तुमीच पाहा. मले भेव लागते."

दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीत तिन्ही भिंतींना फळ्या होत्या. त्यांवर बाजारातली दुकानं जशी ओळीने आहेत, तशीच मांडणी होती. उदबत्तीचे न फोडलेले पुडे, खिळ्यांच्या पुड्या, शेकडो नाडे. चार जागांवर पांढरं कापड टाकलेलं होतं. दाराजवळच्या पहिल्या फळीवर काचेच्या बांगड्या होत्या आणि समोर एक स्टूल. स्टुलावरची गादी मधोमध दबलेली होती. तिच्यावर धूळ नव्हती.

काका चटईवर तापाने फणफणत पडले होते.

"सुखदेव थांबला असन," ते म्हणाले. "पण निघू कसा? पयली बोहनी घरची. आज इथलीच झाली नाही."

मी करतो म्हणालो. काकांनी स्टुलाकडे बोट केलं. "मंग तिले सांगा."

मी रिकाम्या स्टुलाकडे हिरव्या बांगड्या मागितल्या. काकांनी कान दिला. "साइज इचारते."

लग्नाला वीस वर्षं झाली, तरी मला बायकोचं माप माहीत नव्हतं. भिंतीपलीकडून ऐकलेलं सांगितलं, "दोन-चार."

काकांनी स्टुलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते तर तिचंच माप हाय."

शांताकाकूंचं, त्यांच्या बायकोचं, बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. एकदा काकांनी त्यांना बायपासवरून भेट आणली. बांगड्याच आणल्या.

"तिनं घातल्या. काही बोलली नाही. त्या दिवशी तिची बोहनीच नव्हती झाली, हे मले मागून समजलं." दुसऱ्या दिवसापासून काकूंनी दुकानाचं शटर उचललं नाही. पुढे त्या वारल्या.

मी बांगड्या कागदात गुंडाळून घेतल्या, तेव्हा काका उठून बसले. सव्वाअकराला माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते सुखदेवची पायरी चढले आणि नाडा मागितला. सुखदेवने घाईघाईत पुढे केलेला नाडा दोनदा खाली पडला.

"नीट दे," काका म्हणाले. "गिऱ्हाईक हाय मी."

दुसऱ्या दिवशी साडेआठला पुन्हा आवाज आला, "दोन-चारच्या दाखव." इतकी वर्षं एवढंच ऐकून मी कामाला लागत असे. त्या दिवशी भिंतीजवळच थांबलो.

काका गप्प झाल्यावर, पलीकडे हलकेच बांगड्या वाजल्या.