दुरुगकर सरांची पक्की शाई

नवं राज्य, नवी राजधानी आणि विधानसभेची पहिलीच निवडणूक! अशा वेळी रायपूरच्या एका खासगी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारे नीलकंठ दुरुगकर सर स्वस्थ बसतील, हे शक्यच नव्हतं.

"आजवर भोपाळचं सरकार निवडलं," ते बायकोला रोज सांगत. "आता आपल्या रायपूरचं निवडायचं! इंदू, काही झालं तरी हे मत मी देणार म्हणजे देणार!"

"द्या ना! कोण नाही म्हणून राहिलं?" म्हणत इंदूताई कुकरकडे वळत.

सरकारी प्राध्यापकांना निवडणुकीची ड्यूटी लागायची आणि ते रडत रडत जायचे. सर पडले खासगी कॉलेजचे. त्यांना कोणी बोलवत नसे आणि त्यांना रडू यायचं ते त्याचंच! म्हणून त्यांनी ठरवलं, कॉलेजातच सरावाचं मतदान घ्यायचं. पोरांना कळू दे, मत कसं देतात! राजकारणावरून डोकी फुटायला नकोत म्हणून उमेदवार कॅन्टीनमधले घेतले: समोसा, कचोरी आणि पोहे. पडदा, पेटी, रांग, सगळं खऱ्या बूथसारखं. प्रश्न उरला शाईचा.

"लाल शाई लावा ना," केमिस्ट्रीचे श्यामकांत सर म्हणाले.

"छे! पोरांना असली वाटलं पाहिजे!"

"मग मी लॅबमध्ये बनवून देतो. सिल्व्हर नायट्रेट टाकलं की झालं. खऱ्या शाईत तेच राहते."

बनवून दिली. एक गोष्ट सांगायची मात्र राहून गेली. ही शाई लावताना दिसत नाही, ती उन्हात गेल्यावर काळी पडते.

खऱ्या मतदानाच्या चार दिवस आधी कार्यक्रम झाला. सर स्टेजवर चढले. "ज्याच्या बोटावर आधीच शाई आहे, त्याला मत देता येत नाही!" त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं. मग प्रात्यक्षिक सुरू झालं. डाव्या हाताची तर्जनी नसेल तर पुढचं बोट, तेही नसेल तर त्याच्या पुढचं, डावा हातच नसेल तर उजवा. सर अपवाद शिकवल्याशिवाय कधी धडा सोडत नसत. त्यांनी स्वतःच्या दहाही बोटांना शाई लावून दाखवली.

रांगेतला विशाल ओरडला, "सर, कुछ दिख ही नहीं रहा है!"

"दिसत नाही? मग आण इकडे!" सरांनी प्रत्येक पोराच्या बोटाला दोन-दोन, तीन-तीन हात दिले. सिनेमाच्या तिकिटाला लागत नाही अशी रांग लागली. कचोरी प्रचंड मतांनी निवडून आली. विजयी मिरवणूक निघाली ती थेट भर उन्हात!

संध्याकाळी सर घरी आले तेव्हा इंदूताईंनी त्यांचे हात बघून ताट मागे घेतलं. "अगं बाई! इंजिनात कोळसा टाकून आले का तुम्ही?"

"मतदार जागृती करून आलो," सर ऐटीत म्हणाले.

"पण मतदान तर चार दिवसांनी आहे ना? अशा बोटांनी तुम्हाले आत सोडतील?"

सरांनी दहाही बोटं दिव्याखाली धरून पाहिली. तेवढ्यात लेक आली. देवश्री त्याच कॉलेजात शिकायची आणि तिचं हे पहिलंच मत होतं. तिनं काळंकुट्ट बोट बापाच्या नाकापुढे धरलं. "बाबा! अब मेरे वोट का क्या होगा?"

मग घासाघाशी सुरू झाली. लिंबू झालं, चिंच झाली, राख झाली, रॉकेल झालं, शेवटी लाकूड घासायचा रेजमाल पेपरही झाला. कातडी गेली, शाई तिथंच! रात्रीपर्यंत फाटकापाशी अर्धं कॉलेज जमा झालं. अभनपूरहून शिकायला येणारा एक पोट्टा तर रडायलाच लागला. "सर, घर में सबको बोल के रखा हूँ, पहली बार वोट डालूँगा!"

सरांना अगदी भरून आलं. आयुष्यभर लोकशाही शिकवली आणि एका दुपारी कॉलेजभर पोरांची मतं घालवली!

दुसऱ्या दिवशी आणखी नवीन निघालं. अख्ख्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, बातमी पसरली, की दुरुगकर सरांच्या कॉलेजात आधीच मतदान उरकलं. सकाळीच एका पक्षाचे दोन कार्यकर्ते दारात हजर!

"सर, सुने हैं कचौरी आगे चल रही है. ये किसका चुनाव चिन्ह है?"

"कोणाचंच नाही हो! ती कॅन्टीनची आहे!"

"अच्छा, मतलब निर्दलीय!" दोघांनी गंभीरपणे एकमेकांकडे पाहिलं. "बीरगांव में भी हवा है क्या उसकी?"

दुपारी विरोधी पक्षाचे लोक आले. कचोरीनं कोणाच्या बाजूनं बसावं आणि त्यासाठी तिला काय हवं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. इंदूताईंनी तिला हिरवी चटणी हवी म्हणून सांगितलं आणि दार लावून घेतलं.

अखेर सर निवडणूक कार्यालयात गेले. दोन्ही हात पँटच्या खिशात खोल खुपसलेले! पोरांची चूक नाही, शाई आपणच लावली, हे त्यांनी खाली मान घालून सांगितलं. तिथल्या अधिकारी मॅडम आधी भडकल्या, मग कचोरीचं ऐकून टेबलावर डोकं ठेवून हसल्या.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या कॉलेजच्या लोकांची तर्जनी बघणार नाही. ओळखपत्र दाखवा, शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावू. रायपूर, बीरगांव, अभनपूर, सगळ्या बूथना आजच आदेश जाईल. मधलं बोट तर साफ आहे ना सगळ्यांचं?"

खिशातली दहाही बोटं आक्रसली. आपला अपवादांचा धडा या बाईंना कोणत्या तोंडानं सांगायचा?

"हव मॅडम," सर पुटपुटले. "एकदम साफ."

मतदानाच्या दिवशी सर पहाटेच उठले, इस्त्रीचा कुर्ता चढवला. बूथवर देवश्री मत देऊन नाचत बाहेर आली. विशालनं मत दिलं. अभनपूरहून त्या पोट्ट्याचा फोन आला, "सर, डाल दिया!" सरांचे डोळे पाणावले. मग त्यांचा नंबर आला.

"सर, मधलं बोट," शाईवाला म्हणाला.

सरांनी हळूच पुढे केलं. काळं!

"दुसरं दाखवा." काळं. "अंगठा?" काळा. "तो हात?"

सरांनी दोन्ही पंजे टेबलावर पसरले. केंद्राध्यक्ष खुर्चीतून उठून आला. त्यानं आदेश वाचला, बोटं पाहिली, पुन्हा आदेश वाचला.

"माफ करना सर," तो हात जोडून म्हणाला. "बाकी सब एक-एक वोट डाल के जा रहे हैं. आपका तो दस बार हो चुका है!"

सर बाहेर आले. नव्या राज्याचं पहिलं मत राहिलं ते राहिलंच. बूथच्या फाटकापाशी इंदूताई आपलं ताजं बोट उन्हात निरखत उभ्या होत्या. त्यांनी एकदा नवऱ्याचं तोंड पाहिलं, एकदा हात पाहिले आणि हातातली पिशवी त्यांच्याकडे दिली.

"चला घरी. भरताची वांगी घेतली आहेत, भाजून तुम्हीच सोला," त्या म्हणाल्या. "तुमची बोटं तशीही काळीच आहेत!"