बेवारशी अंगरखा

गोदूबाईंनी नवऱ्याचा अंगरखा परटाकडे देणं कधीच बंद केलं होतं. खारपेठेतला परीट कपडे धूत नसे, कपड्यांवर सूड उगवत असे. एकदा त्याने त्र्यंबकरावांचा अंगरखा धुऊन आणला तो चारांपैकी दोन बंद दगडावर ठेवूनच. तेव्हापासून तो अंगरखा गोदूबाईंच्याच हातचा. पण घरच्या आडावर तो धुता येत नसे. कल्याणच्या खाडीकाठचं गाव ते, चहूकडे मिठागरं, आणि आडाचं पाणी असलं मचूळ की रिठे तासभर चोळले तरी फेस म्हणून यायचा नाही. गोडं पाणी एकच, देवळामागच्या तळ्याचं. काय पाणी होतं ते! वरणाची डाळ दोन कढांत मऊ व्हायची आणि सासरी छळ असलेल्या सुनासुद्धा त्या काठावर घटकाभर हसायच्या. आता तसली तळीही नाहीत आणि तसल्या गप्पाही नाहीत.

तर त्या सोमवारी कलेक्टरसाहेब गावची म्युनिसिपालटी पाहायला यायचे होते. आगगाडीनं कल्याणपर्यंत, पुढे टांग्यानं, अकराच्या सुमारास चावडीवर. त्र्यंबकराव कमिटीचे मेंबर. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणे. मानपत्र तेच वाचणार होते, आणि कमिटीचा उपाध्यक्ष साहेब त्याच दिवशी नेमणार अशी बोलवा होती. उमेदवार दोन, एक त्र्यंबकराव आणि दुसरे मिठाचे व्यापारी विश्रामशेट. अशा मोक्याला आदल्या दिवशीच्या मुंजीच्या पंगतीत वाढप्यानं त्र्यंबकरावांच्या काढून ठेवलेल्या अंगरख्यावर आमटीचा अभिषेक करून ठेवला. घरात दुसरा अंगरखा होता, पण त्याच्या पाठीला उंदरानं खिडकी पाडली होती.

"चैत्राचं ऊन आहे. आत्ता धुते, दहापर्यंत कडकडीत वाळेल," गोदूबाई म्हणाल्या आणि सकाळीच धाकट्या जावेला, कमळाबाईंना घेऊन तळ्यावर गेल्या.

तळ्यावर महिन्यापूर्वी एक पाटी लागली होती. 'पिण्याचे तळ्यावर कोणी धुणे धुवू नये. कमिटीचा हुकूम.' गोदूबाईंना ती वाचता येत नव्हती असं नाही. अक्षराला अक्षर जुळवून त्या वाचत. शिवाय तो मजकूर त्र्यंबकरावांनीच ओटीवर बसून लिहिला होता, मोठ्यानं वाचून दाखवला होता, आणि गोदूबाईंनी भाजी चिरता चिरता "बरं केलंत, लोक फार घाण करतात" अशी शाबासकीही दिली होती. लोक म्हणजे लोक. त्यांत आपण मोडतो हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

अंगरख्याला नुकता कुठे फेस आला तोच पाठीमागून काठी आपटली.

"बाय, काय चाललंय ह्ये?"

पंढरी शिपाई. आंबिवलीकडचा गडी, चौकीवर रुजू होऊन आठवडा झाला नव्हता. डोक्याचं पागोटं त्याच्यापेक्षा मोठं आणि हुकुमाचा अभिमान पागोट्यापेक्षा मोठा. त्याला पाहताच घाटावरच्या बाकी बायका हंडे उचलून अशा पांगल्या की जणू आल्याच नव्हत्या.

"डोळे दिलेत ना देवानं? धुणं चाललंय," गोदूबाई म्हणाल्या.

"पाटी बगा."

"मला काय पाटी दाखवतोस? आमच्याच घरातून आलीय ती."

"पाटी सरकारी हाय. कपडा जप्त." परक्या बाईच्या हाताला शिवता येईना, म्हणून त्यानं काठीचं टोक घालून अंगरखा लांबूनच उचलला. "कोनाचा हाय हा?"

"आमच्याकडचा."

"आमच्याकडचा मंजी? नाव सांगा. नाव सांगितलं तर परत मिलंल."

गोदूबाईंनी फेसाचे हात निऱ्यांना पुसले. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव ओठांवर आणलं नव्हतं. मंगळागौरीला, बारशाला, चार बायकांनी दार अडवलं तर उखाण्यात घ्यायचं, ते वेगळं. पण तळ्याच्या काठी, परक्या शिपायापुढे, सकाळच्या प्रहरी?

"आमच्या हेमाच्या वडलांचा," त्या म्हणाल्या.

"हेमाचा बाप कोन?"

"माझ्या सासूबाईंचा थोरला."

"आवं बाय, नाव!"

"नाशिकजवळ महादेवाचं मोठं ठाणं आहे ना, त्या देवाचं नाव."

"नाशिक मी बगितला नाय. शंकर? महादू? सांब?" पंढरीनं एकेक देव पुढे केला. गोदूबाई एकेकाला मान हलवत गेल्या. शेवटी तो कमळाबाईंकडे वळला. "तू सांग गो बाय."

कमळाबाईंनी पदर डोळ्यांपर्यंत ओढला. "इश्श! माझे थोरले भाऊजी ते. मी कशी नाव घेऊ?"

पंढरीनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. एवढ्या दोन बाया, आणि एका बाप्याचं नाव दोघींनाही ठाऊक नाही! त्याच्या मनात नको ते येऊन गेलं असावं, कारण त्यानं मान दुसरीकडे फिरवली. "मालकाचं नाव नाय, मंजी माल बेवारशी," तो म्हणाला आणि ठिबकणारा अंगरखा काठीला लावून, निशाण न्यावं तसा चावडीकडे घेऊन गेला.

घरी त्र्यंबकराव पंचा नेसून ओटीवर मानपत्र घोकत होते. ऐकलं आणि ते ताडकन उभे राहिले.

"अगं, नाव सांगायला काय झालं होतं?"

"घाटावर उभी राहून? शिपायाला? माझ्या आईनं हेच शिकवून पाठवलं का मला?"

"मग आता मी साहेबापुढे पंचा नेसून उभा राहू?"

"नियम कोणी केला? मी केला?"

त्र्यंबकराव चावडीवर कोणाला पाठवता येईल ते आठवू लागले. मुलगा पुण्याला शिकायला, धाकटा भाऊ मुंबईला कचेरीत, हेमा सासरी. घरात पुरुषमाणूस म्हणाल तर ते स्वतः, आणि ते पंच्यात. त्यांनी घाईघाईनं चिठ्ठी लिहिली, 'सदरहू अंगरखा माझा असे,' खाली लफ्फेदार सही ठोकली, आणि गोदूबाई ती चिठ्ठी पदराखाली धरून स्वतः चावडीवर निघाल्या.

चावडी आंब्याच्या पानांनी सजली होती. जाजमावर मामलेदार, शेजारी विश्रामशेट, पुढ्यात दप्तर मांडून कारकून मधु. आणि मध्ये एका पाटावर, मयताच्या चिजवस्तूसारखा, तो ओला अंगरखा.

मधुनं चिठ्ठी वाचली आणि अदबीनं परत दिली. "बाई, चिठ्ठी चालत नाही. नियम सातवा."

"कसला सातवा?"

"कोंडवाड्यातल्या म्हशी मागं लोक खोट्या चिठ्ठ्या दाखवून सोडवून न्यायचे. म्हणून भाऊसाहेबांनी नियम केला की मालकानं किंवा त्याच्या घरच्या माणसानं समक्ष येऊन तोंडानं मालकाचं नाव सांगावं."

"मी काय म्हैस सोडवायला आलेय?"

"नियमात 'माल' लिहिलंय, बाई."

विश्रामशेट पान चघळत होते. "मामलेदारसाहेब, बेवारशी माल साहेब यायच्या आत लिलावात काढून टाका. चावडी कशी स्वच्छ दिसली पाहिजे." मग अंगरख्याची बाही चिमटीत धरून म्हणाले, "कापड बरं आहे. मलाही बसेल. वाटल्यास आजच घालतो."

गोदूबाईंच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. साहेब खुर्चीत, आणि त्याच्या पुढ्यात आपण हातानं बंद शिवलेल्या अंगरख्यात हे बारदान! त्या मामलेदारांकडे वळल्या. "तुम्हांला ठाऊक नाही, हा कोणाचा ते?"

"बाई, ह्या चावडीच्या खांबांनासुद्धा ठाऊक आहे," मामलेदार म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं असं काही म्हणता येणार नाही. "पण सहा महिने भाऊसाहेबांनी माझं डोकं खाल्लंय. मामलेदार, नियमाला अपवाद नको. मामलेदार, आज एकाला सोडलंत तर उद्या गाव सोडावं लागेल. आता त्यांच्याच अंगरख्याला कसा अपवाद करू?"

पंढरीनं लिलावाची घंटा हातात घेतली.

"थांब रे!" गोदूबाई कडाडल्या तसा तो घंटेसकट मागे सरला. "घेते नाव. पण तुमच्या दप्तराच्या रीतीनं नाही, माझ्या रीतीनं. आणि शेटजी, तोंडातलं पान आधी थुंकून या. नाव घेताना कोणी रवंथ करत बसत नाही."

विश्रामशेट मुकाट्यानं उठून पान थुंकून आले. गोदूबाईंनी पदर नीट केला, नजर जमिनीवर ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"गोड्या पाण्याचं तळं, तळ्यावर हुकुमाची पाटी,
बायांनी धुणं न्यावं, सांगा, कुठल्या काठी?
बंद शिवले मी हातानं, रिठ्यानं काढली घाण,
अंगरखा त्र्यंबकरावांचा, राखा त्यांचा मान!"

मामलेदारांनी मधुला खूण केली. मग मधुची लेखणी करकरली. "सावकाश, बाई. 'कुठल्या काठी' इथवर झालं."

"हे सगळं लिहितोस?" विश्रामशेट म्हणाले.

"लिहायलाच हवं," मामलेदार म्हणाले. "जबानी आहे. शब्द गाळता येत नाही."

पंढरीनं अंगरखा काठीवर घेऊन गोदूबाईंपुढे धरला. या खेपेला त्यानं मानही लववली. गोदूबाई विजयानं वळल्या तोच मधु खाकरला. "बाई, एक राहिलं. नियम चौथा."

"आता चौथा काय म्हणतो?"

"मालक ठरला म्हणजे गुन्हाही त्याच्याच नावावर. धुणं बाईनं धुतलं तरी गुन्हेगार घरधनी. नाही तर पुरुष सगळं बायकांवर ढकलतील, असं भाऊसाहेबच म्हणाले होते." त्यानं गुन्ह्यांचं कोरं करकरीत बुक उघडलं, जबानीचा कागद त्यात लावला आणि वाचत वाचत लिहिलं, "गुन्हा पहिला. त्र्यंबकराव, राहणार वरची आळी. तळे नासविले."

गोदूबाईंचा चेहरा उतरला. सव्वीस वर्षांत चारचौघा पुरुषांत एकदाच नाव घेतलं, आणि तेही थेट गुन्हेगारांच्या बुकात! त्याच वेळी चावडीच्या मागच्या खिडकीत काहीतरी हललं. ऐन चैत्रात डोक्यापासून शाल पांघरलेला एक गृहस्थ तिथे उभा होता. खाली पंच्याचं टोक दिसत होतं. गोदूबाईंनी अंगरखा खिडकीतून बाहेर सरकवला.

अकराला साहेबाचा टांगा आला तेव्हा त्र्यंबकराव मेंबरांच्या रांगेत उभे होते, पगडी सरळ, अंगरखा ओलाचिंब. मानपत्र वाचताना त्यांच्या बाह्यांतून पाणी ठिबकत होतं. साहेबाला वाटलं, हा मनुष्य आपल्या धाकानं घामाघूम झालाय. त्यानं खूश होऊन त्यांना बसायला सांगितलं. ते बसले आणि खुर्चीखाली थारोळं झालं.

मग साहेबानं दप्तर मागवलं. गुन्ह्यांचं बुक उघडून त्यानं जबानी वाचायला लावली. मामलेदारांनी ती ओळ ओळ इंग्रजीत समजावली. साहेब दुसऱ्या ओळीवर थांबला. "मग बाया धुणं नेतात कुठे?" त्यानं विचारलं.

मामलेदारांनी मेंबरांकडे पाहिलं. मेंबरांनी एकमेकांकडे पाहिलं. पाच शहाण्या पुरुषांनी सहा महिने बसून सतरा नियम केले होते, आणि हा प्रश्न एकालाही पडला नव्हता.

साहेबानं तिथेच शेरा मारला. तळ्याच्या खालच्या अंगाला, सांडव्यापलीकडे, धुण्याचा वेगळा घाट बांधावा. पुढे तो झालाही, चांगला दगडी, आठ पायऱ्यांचा. खारपेठेच्या कितीतरी लेकींनी तिथे संसाराची धुणी धुतली. उपाध्यक्ष मात्र विश्रामशेट झाले. बुकातला पहिलाच गुन्हा ज्याच्या नावावर, त्याला ते पद द्यायचं कसं?

दुपारी अंगरखा दोरीवर वाळत होता आणि त्र्यंबकराव झोपाळ्यावर बसले होते. जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला नव्हता. गोदूबाई विडा घेऊन दारात आल्या.

"गेली ना खुर्ची? माझ्यामुळे."

"गेली."

"रागावलात?"

त्र्यंबकरावांनी पायानं झोपाळा हळूच थांबवला. "लग्नात घेतलं होतंस नाव. वाजंत्र्यांच्या गोंगाटात मला ऐकूच आलं नाही. पुढे घेतलंस ते सगळं बायकांत, आम्ही बाहेर." ते अंगणात वाळणाऱ्या अंगरख्याकडे पाहत राहिले. "आज खिडकीतून अगदी स्वच्छ ऐकू आलं."

गोदूबाईंनी विड्याची लवंग पुन्हा नीट टोचली.

"पुन्हा एकदा घेतेस?"

"चाळिशी उलटली की माणसाला काय सुचेल सांगता येत नाही!" गोदूबाई म्हणाल्या. "सरकारात जबानी झालीय. बुक उघडून वाचा." आणि विडा त्यांच्या हातात ठेवून तरातरा आत गेल्या.

चूल विझली होती. कमळाबाई परसात भांडी घासत होत्या. गोदूबाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, पाटावर बसल्या, आणि कोणी नाही असं पाहून ते नाव एकदा, उखाण्यावाचून, नुसतंच, हळूच म्हणून पाहिलं.

जिभेला काही वाईट लागत नव्हतं.