मसाल्याच्या डब्याचं झाकण

सारसोळ्याच्या जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरस्वतीबाईंची खानावळ. नवी पाटी लागली त्या सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं, बाकावर टेकलं आणि जेवण न मागता त्यानं सरळ 'आ' वासला.

"दाढ आहे मावशी. डॉक्टर कधी बसतात?"

"डागदर नाय, सुरमई बसते. तव्यावर. खानार?"

सुजलेला गाल धरून तो गेला. मागोमाग एक बाई आली. "टेस्टसाठी उपाशीपोटी आलेय."

"बरी आलीस. बस, पोटभर जेव."

तीही पळाली. जासईकडचे कंटेनरवाले तर खानावळ बंद पडली समजून गाडी न थांबवताच पुढे जात होते. दुपार झाली तरी कालवणाचा टोप भरलेलाच. सरस्वतीबाईंनी मसाल्याच्या डब्यावरची ताटली आणि ताटलीवरचा दगड रागानं उचलला. त्या डब्याचं झाकण जाऊबाईंनी, जागृतीनं, ढापलं होतं. त्यावरून कैक वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं.

दोष पाटीचा. बेलापूरच्या जाहिरात कंपनीत अक्षरं मांडणाऱ्या केतननं आईसाठी हौसेनं केलेली. पांढऱ्यावर निळं 'सरस्वती', बाकी काही नाही. रेघा सगळ्या एका जाडीच्या, गोल अगदी गरगरीत. नेरूळमधले झाडून सगळे दवाखाने असल्याच अक्षरांत नटलेले.

पण धंदा गेला उडत. सरस्वतीबाईंना आयुष्यात एकच शब्द वाचता येत होता, स्वतःचं नाव; तेही नवऱ्यानं, हिरामणनं, होडीवर रंगवलेलं. दर नारळी पुनवेआधी तो ते नव्यानं रंगवायचा. होडी मोडली तेव्हा ती फळी त्यानं दारावर ठोकली, आणि मग स्वतःच गेला. तेव्हापासून रोज शटर उघडताना त्या वर बघायच्या. कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटायचं. आज वर बघितलं, तर हाक आलीच नाही.

"केतन, माजी फली कुटं हाय?"

"ह्याच्याच मागे आहे, आये. हा जियोमेट्रिक फॉन्ट आहे. क्लीन. लांबून वाचता येतो."

"वाचूनच पलतात रं मानसं! उतरव."

पाटी उतरली. मागून विटलेली निळी फळी निघाली. सरस्वतीबाईंनी पदरानं ती पुसली, हळूच, गाल पुसावा तशी.

"ह्याला म्हनतात अक्षर! तुज्या बापसाचा हात होता हात. तुज्यासारखा ताट-वाटी ठेवून गोल नाय मारला त्यानं."

केतननं आत जाऊन बाबांच्या ब्रशांच्या पेटीतून एक पितळी झाकण आणलं आणि फळीवरच्या 'व'च्या पोटावर ठेवलं. चपखल बसलं. नव्या पाटीवरच्या 'व'वर ठेवलं. तिथंही बसलं.

"माप बाबांचंच घेतलंय, आये."

सरस्वतीबाई झाकणाकडे बघत राहिल्या. ह्याच झाकणावरून जागृतीशी कडाक्याचं वाजलं त्या दिवशी हिरामण खाली मान घालून मुकाट भात कालवत बसला होता.

"मेला," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी डब्यावरचा दगड आणि ताटली खाली काढून ठेवली.

काठाचा निळा रंग न घासताच त्यांनी झाकण डब्यावर बसवलं. घट्ट बसलं.

"फली वर ठोक. तुजी पाटी खाली लाव, आनि तिच्यावर मोठा पापलेट काढ. आनि जागृतीला जेवायला बोलाव."

"काय सांगू?"

"सांग, झाकन मिललं." त्या चुलीकडे वळल्या. "कुटं मिललं, त्ये नको सांगू."