नवीन, विणलेले, मिश्र

आमच्या भिंतीला भिंत असलेले बळवंतराव म्हेत्रे मागच्या श्रावणात कापड झाले. पासष्ट टक्के पॉलिस्टर, पस्तीस टक्के सुती, पन्हा अठ्ठावन्न इंच. इचलकरंजीत चाळीस वर्षं यंत्रमाग जुळवलेला माणूस, त्यामुळे वीण घट्ट निघाली. गल्लीत सगळ्यांनी हात लावून बघितलं. मी दोनदा.

अडचण आली ती मस्कतला नातीच्या बारशाला जायची. तागा झालेल्या माणसाला पासपोर्ट चालत नाही, तो माल म्हणून कस्टममधून जातो. नवं कापड ठरलं तर दोन दिवसांत सुटतं. जुने कपडे ठरले तर परवाना लागतो, आणि परवान्याला सहा महिने. बारसं येत्या रविवारी.

त्यांच्या पत्नी इंदुवहिनी कस्टमच्या कचेरीत एकट्या कशा जाणार, म्हणून मीही गेले. तिथल्या तिरोडकर मॅडमनी ताग्याच्या कडेचा एक धागा ओढून जाळला, वास घेतला, मग भिंगातून वीण मोजली.

"वजनात पॉलिस्टर जास्त. म्हणजे कृत्रिम धाग्याचं कापड," त्या म्हणाल्या. "आता सांगा, वापरलेलं आहे का?"

पौषातल्या थंडीत खिडकीतून मला काय दिसलं होतं ते माझं मला ठाऊक.

"पांघरते की," वहिनीच बोलल्या. "नवरा आहे माझा. थंडीत दुसऱ्या कुणाला पांघरू?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग जुने कपडे."

"ओ बाई," ताग्यातून बळवंतराव बोलले, "जुनं म्हणायच्या आधी गोळे दाखवा. असलं कापड घासलं की गोळे धरतं. एक दाखवा, आपणहून गाठोड्यात बसतो!"

"अहो, मॅडम आहेत त्या. नीट बोला," वहिनींनी दटावलं.

मॅडमनी सगळा तागा लांब टेबलावर उलगडला. अकरा मीटर. दोन शिपाई टोकं धरून उभे. वितीवितीनं भिंग फिरलं. वहिनींचा हात रोज जिथं असायचा, तिथंही गोळा नाही.

"लग्नाला किती वर्षं झाली?" मॅडमनी विचारलं.

"सदतीस."

"सदतीस!" त्या म्हणाल्या आणि त्यांनी लिहिलं: नवीन, विणलेले, मिश्र कापड.

मला तर असं वाटलं, जणू मीच विणलंय त्यांना.

बुधवारी ते एकटेच गेले. रविवारी वैशालीचा, म्हणजे त्यांच्या लेकीचा फोन आला. बाळ काही केल्या राहीना, तेव्हा तिनं आजोबांचंच दुपटं केलं. तेव्हापासून बाळ दुसऱ्या कशात झोपत नाही. आता दुधाचे डाग पडलेत, काजळ लागलंय, आणि अंगभर बारीक गोळे आलेत.

परत येताना त्यांना जुने कपडे म्हणूनच यावं लागणार. परवान्याचा अर्ज वहिनींनी काल माझ्या ओट्यावर बसून भरला. 'वापरलेले आहे काय?' या प्रश्नापुढं त्यांनी 'होय' लिहिलं. फोनवरून बळवंतरावांनी आणखी एक शब्द घालायला लावला.

'भरपूर.'